आधी पासंग बघा

“दिवा लागला नाही ना? मग झालं की!”

पावसाळा संपता संपता मुळशीच्या बाजूला, गाड्या चिखलात घालून पुन्हा बाहेर काढण्याचा उद्योग करणाऱ्या आमच्या मंडळींत एका ज्येष्ठ स्नेह्यांनी डॅशबोर्डवरच्या इशाऱ्याच्या दिव्यावरून हा निकाल दिला. चहाचे कप हातात घेऊन उभ्या असलेल्या सात-आठ जणांनी माना डोलावल्या. प्रश्न एका तरुण मुलाचा होता. त्याने पिकअपला पुढून दोन इंची लिफ्ट बसवली होती. आता स्थिरता-नियंत्रणाचे सेन्सर पुन्हा शून्यावर आणावे लागतात का, एवढंच त्याला विचारायचं होतं. स्नेही म्हणाले, सेन्सर गाडीच्या तळाला बोल्टने पक्का असतो, स्प्रिंग बदलली म्हणून तो जागचा हलत नाही. मागे चार-पाचशे किलो माल टाकला की गाडी तशीही तिरकी होते, तेव्हा कोण जातं शून्य करायला? शिवाय आताचे कॉम्प्युटर आपलं आपण शिकतात. मग माझ्याकडे बघून हसत म्हणाले, “कॅलिब्रेशन-बिलिब्रेशन काढलं नाही तर अलाइनमेंटवाल्यांची दुकानं चालायची कशी?”

माझं अलाइनमेंटचं दुकान आहे. त्यामुळे मी गप्प बसलो. ज्याचा गल्ला भरणार त्यानेच तावातावाने बोलायला लागलं की ऐकणारे आधी गल्ल्याकडे बघतात. लिहिताना निदान आकडे मांडता येतात, आणि ते ज्याला हवे त्याने घरी बसून पडताळावेत.

एक आधीच कबूल करतो. स्नेह्यांचा हात गाडीवर माझ्यापेक्षा कितीतरी चांगला बसलेला आहे. ते अडकलेली जीप ज्या शांतपणाने बाहेर काढतात तो मला या जन्मी साधायचा नाही. त्यांची चूक गाडी चालवण्यातली नाही, मोजमापातली आहे.

जुन्या किराणा दुकानातला दोन पारड्यांचा तराजू आठवा. चोख गिऱ्हाईक साखर घेण्याआधी म्हणायचं, “आधी पासंग बघा.” मग दुकानदार रिकामी पारडी उचलून दाखवायचा. दांडी एका बाजूला झुकत असेल तर पुढचं प्रत्येक माप तेवढ्यानेच खोटं. वजनं कितीही शिक्क्याची असली तरी उपयोग नाही. सेन्सर शून्यावर आणणं म्हणजे हेच, रिकामा तराजू उचलून बघणं. स्नेह्यांचा युक्तिवाद असा आहे की तराजू खिळ्याला पक्का टांगलाय, म्हणजे पासंग बघायची गरज नाही.

सेन्सर तळाला पक्का असतो हे खरंच आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे. तो गाडीला चिकटलेला असतो, म्हणून गाडी तिरकी झाली की तोही तेवढाच तिरका होतो. त्याच्या पेटीत साधारण दोन प्रकारचे सेन्सर असतात. गाडी स्वतःभोवती सेकंदाला किती अंश वळते हे एक मोजतो, त्याला यॉ रेट म्हणतात. दुसरा प्रवेग मोजतो, आडवा आणि अनेक चारचाकी-ड्राइव्ह गाड्यांत उभाही, म्हणजे पुढे-मागे. यॉ रेटच्या बाबतीत स्नेही बरोबर आहेत. गाडी एक अंश कलली तर त्याच्या मापात दहा हजारांत दीडचा फरक पडतो. तो पासंगालाही पुरणार नाही. त्यावरून कोणी तुम्हाला घाबरवत असेल तर तो खरोखरच दुकान चालवतोय.

प्रवेगाच्या सेन्सरचं तसं नाही. त्याला गुरुत्वाकर्षण आणि गाडीचा वेग वाढणं यांतला फरक कळत नाही. गाडीचं नाक वर उचललं की तो समजतो, गाडी पुढे वेग घेते आहे. टोयोटा हायलक्सच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर ३,०८५ मिलिमीटर आहे. पुढून ५० मिलिमीटर उचललं की गाडी ०.९३ अंश मागे कलते. एवढ्या कलाने सेन्सरला सेकंदाला सेकंदागणिक ०.१६ मीटरचा खोटा प्रवेग दिसतो. सोप्या भाषेत सांगायचं तर सपाट फरशीवर नुसती उभी असलेली गाडी मनाशी म्हणत असते, माझा वेग दर सेकंदाला अर्ध्या किलोमीटरहून थोडा जास्त वाढतोय.

कोरड्या डांबरावर हे फार नाही. जोरात ब्रेक मारला तर आठ-नऊच्या घरात मंदन मिळतं, त्यापुढे ०.१६ म्हणजे दोन टक्के. पण स्नेही आणि मी गाड्या कुठे घालतो? चिखलात. तिथे ब्रेक मारून जेमतेम दोनचं मंदन मिळालं तर तीच चूक आठ टक्क्यांवर जाते. आणि चारचाकी-ड्राइव्हला हा सेन्सर शोभेसाठी दिलेला नसतो. पुढची-मागची चाकं एकमेकांना जोडली गेली की ती एकदम घसरू शकतात, एकदम अडकूही शकतात. मग चारही चाकांचे वेग एका सुरात खोटं बोलतात. गाडी प्रत्यक्षात किती वेगात आहे याचा अंदाज घ्यायला कॉम्प्युटर अशा वेळी प्रवेगाच्या सेन्सरकडे वळतो. चार साक्षीदार फितूर झाल्यावर उरलेला पाचवाही चुकीचा असला तर काय, याचं उत्तर “दिवा लागला नाही” हे नव्हे.

आडव्या बाजूलाही तेच. आपल्याकडे चालकाची बाजू थोडी बसते म्हणून एकाच बाजूला जास्त जाडीचा स्पेसर टाकतात. दीड मीटरच्या रुंदीत १५ मिलिमीटरचा फरक राहिला तर अर्ध्या अंशाहून जास्त कल येतो. उभी गाडी स्वतःला अगदी हलक्या वळणावर समजायला लागते.

मात्र माझ्या दुकानात येणाऱ्या लिफ्टवाल्या गाड्यांत खरा घोळ या पेटीत कमी आणि स्टिअरिंगमध्ये जास्त सापडतो. पुढून उचललं की चाकांचे कोन बदलतात: टो बदलतो, कॅम्बर बदलतो, कॅस्टर बदलतो. मग कोणीतरी घाईत टाय रॉड फिरवून टो जुळवतं, पण दोन्ही बाजूंना सारखा नाही. गाडी सरळ धावते आणि स्टिअरिंग वाकडं राहतं. गिऱ्हाईक म्हणतं, “चालतंय की, हाताला सवय होते.” हाताला होते, कॉम्प्युटरला होत नाही.

त्याचं सगळं काम तुलनेचं आहे. स्टिअरिंग किती वळवलंय आणि वेग किती आहे यावरून तो ठरवतो की चालकाला कुठे जायचंय. यॉ रेटवरून बघतो की गाडी कुठे चाललीय. ही तुलना सेकंदाला २५ वेळा होते, असं बॉश कंपनी सांगते. दोन्हींत फारकत दिसली की तो एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावतो आणि इंजिनाची ताकद कमी करतो. गाडी वळायला नकार देत असेल तर आतल्या बाजूचं मागचं चाक धरतो, मागचं टोक बाहेर निघत असेल तर बाहेरच्या बाजूचं पुढचं.

आता समजा स्टिअरिंग पाच अंश वाकडं आहे आणि गाडी सरळ चाललीय. स्टिअरिंगच्या सतरा अंशांना चाक एक अंश वळतं असं धरू, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी चाकं ०.३ अंश वळलेली आहेत. ताशी ८० किलोमीटरला, वळणावर बाहेर जाण्याची पिकअपची सवय हिशेबात घेऊनही, गाडी सेकंदाला सुमारे एक अंश वळायला हवी असं तो मानतो. हा आकडा किती मोठा आहे? पाचशे मीटर त्रिज्येच्या खऱ्या वळणावर त्याच वेगाने जाणारी गाडी सेकंदाला अडीच अंश वळते. म्हणजे महामार्गावरच्या एका खऱ्या वळणाच्या चाळीस टक्के एवढं वळण रस्त्यावर नसताना त्याच्या डोक्यात आहे.

दोन वर्षांपूर्वी एक पिकअप आली होती. ताम्हिणीत डावीकडे वळताना घसरणीचा दिवा लुकलुकतो, ब्रेक धरल्यासारखं वाटतं आणि उजवीकडे वळताना काहीच होत नाही, अशी तक्रार. लिफ्ट बसवणाऱ्या गॅरेजने टायरला दोष दिला होता, टायरवाल्याने रस्त्याला. एकाच बाजूच्या वळणावर होणारी तक्रार ऐकली की माझी नजर आधी स्टिअरिंगवर जाते. सरळ चालताना ते जवळजवळ सहा अंश फिरलेलं होतं. आधी अलाइनमेंट केली, मग शून्य घेतलं, या क्रमाने. गाडी गेली ती परत आली नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत दिवा कायमचा असा लागलाच नव्हता.

“कॉम्प्युटर आपलं आपण शिकतो” याचं उत्तर इथेच आहे. शिकतो, मान्य. गाडी सरळ चालत राहिली की स्टिअरिंगचा मध्य कुठे आहे हे अनेक प्रणाली हळूहळू ताडतात आणि थोडा फरक पोटात घालतात. पण त्या शिकण्याला हद्द असते. हद्दीच्या अलीकडची चूक निमूट सांभाळली जाते आणि पलीकडची गेली की दिवा लागतो. म्हणजे दिवा लागणं हा बिघाडाचा पुरावा असू शकतो, पण न लागणं हा अचूकतेचा पुरावा होत नाही. शिवाय शून्याची खात्री पटेपर्यंत हस्तक्षेप जरा सबुरीने करायचा, अशी खबरदारी बऱ्याच प्रणालींत घेतलेली असते. तुमची गाडी सांभाळून घेत असेलही. पण ज्या मदतीसाठी ही यंत्रणा बसवली ती थोडी उशिरा मिळेल, हा सौदा तुम्हाला कोणी सांगितला होता का?

स्नेह्यांचा सगळ्यात सकस मुद्दा मालाचा. त्यावर मी स्वतः दोन दिवस विचार केला. माल भरला की गाडीचं मागचं टोक बसतं, नाक वर होतं आणि शून्य कोणी घेत नाही. शिवाय पाणी वाहून जावं म्हणून रस्त्यालाही दोन-अडीच टक्के उतार असतो. तरी गाड्या चालतातच की!

चालतात, कारण बनवणाऱ्याने त्याची सोय ठेवलेली असते. पिकअप रिकामी उभी असताना तिचं मागचं टोक मुद्दाम जरा उंच असतं, माल पडला की ती सपाटीला यावी म्हणून. मालाचा कल, रस्त्याचा उतार, टायरची झीज यांसाठी कंपनीने काही जास्तीचं माप बाजूला ठेवलेलं असतं. तुम्ही पुढून लिफ्ट बसवता तेव्हा गाडी रिकामी असतानाच ते खर्च करता. आणि दिशाही पाहा, लिफ्टने नाक वर जातं, मालानेही नाक वरच जातं. दोन्ही चुका एकमेकींना खोडत नाहीत, त्यांची बेरीज होते. मालाचा मुद्दा शून्य न घेण्याच्या बाजूचा वाटतो, पण शून्य घेण्याचं त्याहून चांगलं कारण मला सापडलेलं नाही.

आणखी एकजण मध्येच म्हणाला होता की लासलगावहून वाशीला कांदा नेणाऱ्या पिकअपना कुठे असतं हे स्थिरता-नियंत्रण, तरी त्या घाट उतरतातच. उतरतात. पण हा युक्तिवाद यंत्रणा नसण्याच्या बाजूचा झाला, चुकीची यंत्रणा बाळगण्याच्या बाजूचा नव्हे. हाताने अंदाज घेऊन भाजी देणारा एक गोष्ट, पासंग असलेला काटा दुसरी. पहिल्याला आपण चुकू शकतो हे माहीत असतं. आणि ही यंत्रणा काही चैनीची वस्तू नाही. १९९५ साली ती मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. १९९७ मध्ये एका स्वीडिश मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजचीच ए-क्लास एकाएकी बाजू बदलताना उलटली आणि कंपनीला त्या छोट्या गाडीतही ती सर्रास द्यावी लागली. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या अभ्यासात एकट्या गाडीच्या जीवघेण्या अपघातांचा धोका तिने सुमारे निम्म्यावर आणल्याचं दिसलं. आपल्याकडे भारत एनकॅपमध्ये तीन तारे हवे असतील तर ती असावीच लागते.

शून्य घेण्याची गरज ही माझ्यासारख्या दुकानदारांनी काढलेली टूम आहे असं वाटत असेल तर टोयोटाच्या टॅकोमा या अमेरिकी पिकअपची दुरुस्ती-पुस्तिका बघा. पुढच्या चाकांची अलाइनमेंट केल्यावर जुनं शून्य पुसून नवं घ्यायला ती सांगते. लिफ्ट बसवल्यावर अलाइनमेंट करावीच लागते, म्हणजे प्रश्न तिथेच संपतो. गाडी हलवायची नाही, इंजिन चालू करायचं नाही आणि जमिनीचा उतार एक अंशाच्या आत हवा, अशा तिच्या अटी आहेत. ज्या पुस्तिकेला एक अंशाचा उतार चालत नाही तिची जवळजवळ सगळी मुभा ०.९३ अंशाची लिफ्ट एकटीच खाऊन टाकते, आणि आपण म्हणतो, काही फरक पडत नाही.

या अटीवरून माझीच फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात एका गाडीचं शून्य मी दुकानातल्या मोकळ्या बाजूला घेतलं. ती बाजू पूर्वी गाड्या धुवायची होती, पाणी गटाराकडे जावं म्हणून उतार दिलेला. आठवड्याने मालक परत आला. गाडी सपाट रस्त्यावर चढावर असल्यासारखी ब्रेक धरून ठेवते म्हणाला. मी उताराला शून्य ठरवून बसलो होतो. पासंग काढायला गेलो आणि दांडीलाच खडा बांधला! तेव्हापासून गवंड्याकडची पाण्याची लेव्हल पाइप दुकानात टांगलेली आहे. तीन मीटरमध्ये एक अंश म्हणजे पाच सेंटिमीटरहून थोडं जास्त. तेवढा फरक नळीत लहान मुलालाही दिसतो. आपल्याकडे गॅरेजची फरशी बहुतेक वेळा उतारालाच असते, त्यामुळे स्कॅनर किती लाखांचा आहे हे विचारण्याआधी फरशी मोजली का हे विचारा. निदान-सॉकेटच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडून घरच्या अंगणात शून्य घेणारे हौशी लोकही आहेत. जुन्या टोयोटांत ते होतं, नाही म्हणत नाही. पण चुकीच्या पिना जोडल्या तर काय जळेल याची हमी तार देत नाही, आणि अंगण सपाट असल्याची हमी डोळे देत नाहीत.

आता माझ्याच धंद्यातल्या लोकांशी दोन शब्द, कारण स्नेह्यांच्या टोमण्यात तथ्य आहे ते इथे. “कॅलिब्रेशन करून दिलंय, आता गाडी कंपनीसारखी” हे वाक्य मी अनेक काउंटरवर ऐकलं आहे. ते धादांत खोटं आहे. शून्य घेतल्याने कॉम्प्युटरला फक्त एवढंच कळतं की दांडी सरळ केव्हा असते. गाडीचा गुरुत्वमध्य वर गेला हे त्याला कळत नाही. समजा चाकांची रुंदी १,५४० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ७००. अर्ध्या रुंदीला उंचीने भागलं की उलटण्याला विरोध करणारा आकडा मिळतो, १.१०. चारही बाजूंनी उचलून गुरुत्वमध्य ४५ मिलिमीटर वर गेला की तो १.०३ होतो. आकडा जितका लहान तितकी गाडी लवकर उलटते, आणि कुठलाही स्कॅनर तो पुन्हा वर नेत नाही.

टायरचंही तसंच. २६५/६५ आर १७ काढून २८५/७० आर १७ घातले की व्यास सात टक्क्यांनी वाढतो. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ च्या पुढे असते, आणि चालकाला कुठे जायचंय याचं सगळं गणित त्या खोट्या ८० वर चालतं. शून्य कितीही नीट घ्या, ही चूक तशीच राहते.

२०१६ मध्ये त्याच स्वीडिश मासिकाने नवी हायलक्स तपासली, कुठलीही लिफ्ट नसलेली, कारखान्यातून आली तशी. एकाएकी वळवल्यावर ती दोन चाकांवर उभी राहिली. टोयोटाला स्थिरता-नियंत्रणात सुधारणा करावी लागली, मग पुढची चाचणी ती पार पडली. ज्यांनी गाडी बनवली त्यांनाही मूळ उंचीवर हे जुळवायला परत बसावं लागतं, तिथे आपण स्पेसर टाकून बटण दाबायचं आणि “कंपनीसारखी” म्हणायचं? अमेरिकेत स्थिरता-नियंत्रणाच्या नियमाखाली गाडी ताशी ८० ला ठरावीक लयीत डावी-उजवीकडे फेकतात आणि एका सेकंदाने तिचं वळणं कमाल आकड्याच्या ३५ टक्क्यांच्या आत आलंय का ते मोजतात. आपल्या गल्लीतल्या लिफ्टनंतर हे कोणी मोजलंय? मी तरी नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे बदल करण्याबद्दल काय म्हणतं तो आणखी वेगळा विषय आहे, आणि ते वाचल्यावर चहाच्या टपरीवरचे अर्धे चेहरे उतरतील.

म्हणून शून्य घेणं हा उपाय नाही, ती पहिली अट आहे. अट पाळली म्हणजे गाडी सुरक्षित झाली असं नाही, आणि उपाय अपुरा आहे म्हणून अटच सोडून द्यायची हेही नाही. घाटातल्या उताराचा हिशेब चुकू नये म्हणून आपण ब्रेक ऑइल बघतो, टायरमधली हवा बघतो, मग ज्याच्यावर सगळं मोजमाप अवलंबून आहे तो मध्यबिंदू बघायला एवढी टाळाटाळ का?

त्या तरुण मुलाला त्याच संध्याकाळी मी बाजूला घेऊन सांगितलं, आधी अलाइनमेंट करून घे, स्टिअरिंग सरळ रस्त्यावर सरळ राहील असं बघून घे, मग सपाट फरशीवर शून्य घेऊन घे, कुठल्याही दुकानात, माझ्याच असं नाही. आणि दोन इंची लिफ्टची गाडी दोन इंच जास्त सावकाश वळव.

राहता राहिले स्नेही. परतताना पौडपर्यंत मी त्यांच्या गाडीत शेजारी बसलो होतो. सरळ रस्त्यावर त्यांचं स्टिअरिंग चार-पाच अंश डावीकडे होतं, आणि दिवा लागलेला नव्हता.